फ्लूची लस कोणाला, कोणत्या महिन्यात, कोणती: सोलापूर जिल्ह्यासाठी पुराव्यावर उभे धोरण कसे लिहावे

फ्लूच्या लशीचा विषय निघाला की बैठकीत पहिला प्रश्न हमखास येतो, ‘ही लस काम करते का?’ या प्रश्नावर तासभर चर्चा होते आणि हाती काहीच लागत नाही, कारण त्याचे एकच एक उत्तर नसते. विषाणू आणि लस यांचा मेळ बसला तर साधारण ४० ते ६० टक्के संरक्षण मिळते. मेळ बिघडला तर ते खूप खाली येते. २०१४-१५ च्या हंगामात फ्लूचा एच३एन२ हा विषाणू बदलला आणि अमेरिकेत लशीची परिणामकारकता १९ टक्क्यांवर घसरली. तेव्हा धोरण लिहिणाऱ्याने विचारायचे ते असे: आपल्या जिल्ह्यात कोणत्या गटाला, कोणत्या महिन्यात, कोणत्या सूत्राची (घटकरचनेची) लस दिली तर किती गंभीर आजार टळतील, आणि तेवढ्याच पैशात दुसरे काय करता आले असते?

सोलापुरात धोरण फसते ते बहुतेक तारखेवर. पुरावा उत्तम, गट योग्य, निधी मंजूर, आणि लस पोचते ऑगस्टच्या अखेरीस. तोवर लाट अर्धी ओसरलेली असते. म्हणून या लेखात पुराव्याइतकीच जागा दिनदर्शिकेला दिली आहे.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहा

कोरा कागद घ्या आणि चार गोष्टी लिहा: कोणाला, काय देणार, कशाच्या तुलनेत, कोणता परिणाम मोजणार. उदाहरणार्थ: ‘सोलापूर महापालिका हद्दीतील दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीतील गरोदर मातांना मे-जूनमध्ये दक्षिण गोलार्धाच्या सूत्राची निष्क्रिय लस दिल्यास, न दिल्याच्या तुलनेत, माता आणि सहा महिन्यांखालील बाळ यांचे फ्लूमुळे होणारे रुग्णालयातील दाखले (भरती) किती कमी होतील?’

वाक्य लांबते, लांबू द्या. प्रत्येक गटासाठी वेगळे वाक्य हवे. ‘ज्येष्ठ, गरोदर माता, मधुमेही व आरोग्य कर्मचारी यांना लस’ असे एकत्र लिहिले की पुरावाही एकत्र कालवला जातो, आणि एका गटाचा भक्कम पुरावा दुसऱ्याच्या नावावर खपतो.

परिणाम निवडताना ‘सर्दी-ताप’ घेऊ नका. पावसाळ्यात सर्दी-ताप वीस तऱ्हेच्या विषाणूंनी येतो. फ्लूची लस फक्त फ्लू अडवते, त्यामुळे ‘लस घेऊनही सर्दी झाली’ ही तक्रार लशीविरुद्धचा पुरावा ठरत नाही. प्रयोगशाळेत सिद्ध झालेला फ्लू, त्यामुळे झालेला दाखला आणि त्यामुळे झालेला मृत्यू हे तीनच परिणाम धरा.

पायरी २: स्थानिक भार मोजा, हातातल्या आकड्यांवर विसंबू नका

जिल्ह्यात उपलब्ध असलेला आकडा बहुधा ‘स्वाइन फ्लूचे रुग्ण व मृत्यू’ एवढाच असतो. तो दोन कारणांनी वाकडा आहे. पहिले, तपासणी मुख्यतः ‘क’ वर्गातल्या, म्हणजे दाखल करावे लागलेल्या रुग्णांची होते. त्यामुळे बाधितांमध्ये मृत्यूचे प्रमाण भयंकर दिसते आणि एकूण रुग्णसंख्या नगण्य दिसते. दोन्ही चूक. दुसरे, प्रयोगशाळेत फक्त एच१एन१, म्हणजे स्वाइन फ्लूचा विषाणू, पाहिले तर एच३एन२ आणि बी विषाणू निसटतात. २०२३ च्या सुरुवातीला देशभर एच३एन२ ची लाट आली होती. त्या वेळी ज्यांनी फक्त एच१एन१ तपासले, त्यांच्या नोंदवहीत ती लाट उमटलीच नसणार.

यावर उपाय म्हणजे एक-दोन रुग्णालयांत ठरलेल्या व्याख्येने, ठरलेल्या दिवशी नमुने घेणे. सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले सिव्हिल हॉस्पिटल हे त्यासाठी नैसर्गिक ठिकाण आहे. तिथे शहरासोबत अक्कलकोट, मोहोळ, दक्षिण सोलापूरपासून सीमेपलीकडच्या कर्नाटकातलेही रुग्ण येतात. दुसरे ठिकाण पंढरपूर किंवा बार्शीकडचे घ्यावे.

व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेचीच ठेवा: गेल्या १० दिवसांत सुरू झालेला आजार, ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप (मोजलेला किंवा सांगितलेला), खोकला आणि दाखल करण्याची गरज. नमुना कोणाचा घ्यायचा हे डॉक्टरांच्या मनावर सोडू नका. आठवड्यातले दोन वार ठरवा आणि त्या दिवशी व्याख्येत बसणारे पहिले पाच रुग्ण घ्या. ‘गंभीर वाटला म्हणून घेतला’ या वाक्याने सगळी टक्केवारी नासते. नाकातून खोलवर आणि घशातून असे दोन्ही स्वॅब एकाच वाहक द्रवाच्या नळीत टाका. २ ते ८ अंशांवर ठेवून नमुना ७२ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. शुक्रवारी संध्याकाळी घेतलेला नमुना सोमवारपर्यंत फ्रिजमध्ये पडून राहतो, म्हणून वार सोमवार व बुधवार ठेवणे बरे.

आता हिशेब. पुढचे आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी मानलेले आहेत. समजा, ३ लाख लोकसंख्येच्या तालुक्यात तुमच्या रुग्णालयात वर्षभरात अशा व्याख्येत बसणारे ६०० रुग्ण दाखल झाले. २४० जणांचे नमुने घेतले, ३६ मध्ये फ्लू सापडला, म्हणजे १५ टक्के. ६०० चे १५ टक्के म्हणजे ९० रुग्ण. पण तालुक्यातले सगळे श्वसनरोगी तुमच्याकडेच येत नाहीत. आसपासच्या सर्व खासगी दवाखान्यांच्या दाखल-नोंदवह्या एका महिन्यापुरत्या पाहिल्या आणि कळले की एकूण श्वसनविकाराच्या दाखल्यांपैकी ४० टक्केच तुमच्याकडे येतात. मग ९० भागिले ०.४, म्हणजे २२५. दर लाखामागे ७५. हाच आकडा वयोगटानुसार आणि शक्य असल्यास गरोदरपणानुसार वेगळा काढा.

खासगी नोंदवह्या पाहण्याचे काम कंटाळवाणे आहे आणि नेमके तेच टाळले जाते. ते टाळले की छेद नसलेला अंश हाती राहतो. अशा आकड्यावर लाखोंची खरेदी करू नये.

पायरी ३: हंगाम ओळखा

भारतात फ्लूचा हंगाम एकच नाही. २००९ ते २०१३ या काळातल्या दहा शहरांच्या नोंदी अभ्यासल्या गेल्या तेव्हा पुणे, नागपूर, दिल्ली, कोलकाता येथे पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरमध्ये शिखर दिसले. चेन्नई-वेल्लोरकडे ईशान्य मोसमी पावसाबरोबर, आणि श्रीनगरला हिवाळ्यात. म्हणजे ‘फ्लू हा थंडीचा आजार’ हे युरोप-अमेरिकेचे गणित आपल्याकडे चालत नाही. जानेवारी-मार्चमध्ये काही वर्षी दुसरी, सहसा लहान, लाट येते. ती विसरू नका, पण मुख्य नियोजन पावसाळ्याभोवतीच करा.

सोलापूरचा पाऊस पुण्यासारखा नाही. तो कमी पडतो, उशिरा पडतो आणि सप्टेंबरमध्ये त्याचा जोर सर्वाधिक असतो. त्यामुळे पुण्याचा आलेख जसाच्या तसा उचलण्याआधी स्वतःच्या नमुन्यांची आठवडावार टक्केवारी किमान तीन वर्षे मांडून पाहा. आडव्या अक्षावर आठवडे १ ते ५२, उभ्या अक्षावर बाधित नमुन्यांची टक्केवारी. वर्षभराच्या सरासरीची आडवी रेघ मारा. सलग दोन-तीन आठवडे टक्केवारी त्या रेघेच्या वर गेली की हंगाम सुरू झाला असे धरा. ज्या आठवड्यात दहापेक्षा कमी नमुने असतील तो आठवडा पुढच्याशी जोडून घ्या, नाहीतर चारपैकी दोन नमुने बाधित आले की ‘५० टक्के’ असा उंच सुळका उभा राहतो आणि सगळ्यांची धावपळ उडते.

पायरी ४: जगाचा पुरावा वाचा, पण गट पाहून

*गरोदर माता.* इथे पुरावा सर्वात थेट आहे, कारण यादृच्छिक (कोणाला लस द्यायची हे चिठ्ठीसारखे ठरवलेल्या) चाचण्या आपल्यासारख्या देशांत झाल्या. बांगलादेशातल्या चाचणीत (प्रसिद्धी २००८) लस घेतलेल्या मातांच्या बाळांमध्ये सिद्ध झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी आढळला. चाचणी लहान होती, ३४० माता. मग मोठ्या चाचण्या आल्या. दक्षिण आफ्रिकेत मातांमध्ये सुमारे ५० व बाळांमध्ये ४९ टक्के, मालीत बाळांमध्ये ३३, नेपाळमध्ये ३०. आकडे उतरत गेले ते पाहून पुरावा डळमळीत झाला असे समजू नका. लहान चाचणीत परिणाम फुगून दिसतो, मोठ्या चाचण्यांत तो जमिनीवर येतो. धोरणात ६३ लिहू नका, ३० ते ५० लिहा. शिवाय मातेकडून मिळालेली प्रतिपिंडे बाळात लवकर ओसरतात, म्हणून सहा महिन्यांची सरासरी पहिल्या तीन-चार महिन्यांपेक्षा कमी दिसते. सहा महिन्यांखालील बाळाला फ्लूची लस देताच येत नाही. त्याला वाचवण्याचा लशीचा मार्ग आईच्या दंडातूनच जातो.

*ज्येष्ठ नागरिक.* इथे जपून. वैद्यकीय पुराव्याचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात ज्येष्ठांमध्ये एका हंगामात फ्लूचे प्रमाण लशीने ६ टक्क्यांवरून २.४ टक्क्यांवर आले, म्हणजे एक फ्लू टाळण्यासाठी सुमारे ३० जणांना लस. मात्र या पुराव्याची खात्री कमी दर्जाची मानली गेली. ‘लशीने मृत्यू निम्मे झाले’ असे सांगणारे निरीक्षणात्मक अभ्यास तर फारच सांभाळून वाचावेत. अमेरिकेत २००६ मध्ये दाखवले गेले की लस घेणाऱ्या ज्येष्ठांचा मृत्यूदर फ्लूचा हंगाम सुरू होण्याआधीच कमी होता, आणि तेव्हाच तो फरक सर्वात मोठा होता. जो हंगाम आलाच नाही त्यापासून लस कशी वाचवेल? अर्थ उघड आहे. जो स्वतः चालत केंद्रावर येऊन लस घेतो तो मुळातच धडधाकट असतो, आणि अंथरुणाला खिळलेला येत नाही. कोणताही अभ्यास हाती आला की आधी हेच विचारा: हंगामाबाहेर फरक किती होता?

*हृदयविकाराचे रुग्ण.* २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांत झालेल्या चाचणीत हृदयविकाराच्या झटक्यानंतर लगेच लस दिली. एका वर्षात मृत्यू, पुन्हा झटका किंवा स्टेंटमध्ये गुठळी यांचे एकत्र प्रमाण ७.२ वरून ५.३ टक्क्यांवर आले. फरक १.९, म्हणजे सुमारे ५३ जणांना लस दिली की एक घटना टळते. कोविडमुळे ही चाचणी ठरल्यापेक्षा आधी थांबवावी लागली, त्यामुळे आकडा थोडा सैल धरा. तरीही हृदयरोग कक्षातून सुटी होताना लस देण्याइतका हा पुरावा नक्कीच जड आहे, आणि तिथे रुग्ण शोधत हिंडावेही लागत नाही.

*लहान मुले.* हरियाणातील बल्लभगडजवळच्या गावांत तीन वर्षे समूह-यादृच्छिक चाचणी झाली. मुलांना संरक्षण मिळाले, पण ते वर्षागणिक बदलले आणि लस न घेतलेल्यांना अप्रत्यक्ष संरक्षण दर वर्षी दिसले नाही. ‘शाळकरी मुलांना दिली की सगळे गाव वाचते’ असे धोरणात लिहायला हा पुरावा पुरत नाही.

*आरोग्य कर्मचारी.* त्यांना लस दिल्याने रुग्ण वाचतात याचा पुरावा कमकुवत आहे. त्यांना स्वतःला संरक्षण मिळते आणि ऐन लाटेत वॉर्ड रिकामा पडत नाही, हे कारण पुरेसे आहे. तेच लिहा, मोठे दावे करू नका.

प्रत्येक गटासमोर पुराव्याची खात्री ‘उच्च, मध्यम, कमी, अति कमी’ अशी नोंदवा आणि खात्री का घटली ते एका ओळीत लिहा: पूर्वग्रह, विसंगत निकाल, दुसऱ्या ठिकाणचा पुरावा, की रुंद विश्वासांतर (खरा आकडा ज्या दोन टोकांमध्ये असू शकतो ते अंतर).

पायरी ५: गट ठरवा आणि खर्च मांडा

केंद्राच्या २०१७ च्या मार्गदर्शनात आरोग्य कर्मचारी, गरोदर माता व जुनाट आजार असलेल्यांसाठी लशीची शिफारस आहे. ६५ वर्षांवरील ज्येष्ठ व ६ महिने ते ८ वर्षांची मुले ‘इष्ट’ गटात आहेत. महाराष्ट्राने २०१५ पासून गरोदर माता, मधुमेही, उच्च रक्तदाब असलेले आणि आरोग्य कर्मचारी यांना ऐच्छिक मोफत लस देऊ केली. जिल्ह्याने ही चौकट मोडायची नाही. तिच्या आत प्राधान्यक्रम लावायचा आहे.

पुन्हा मानलेले आकडे. लस न घेतलेल्या हजार गरोदर मातांमागे हंगामात फ्लूमुळे ४ दाखले होतात आणि लस ५० टक्के संरक्षण देते असे धरू. हजारामागे २ टळले, म्हणजे एक दाखला टाळायला ५०० डोस. डोस व देण्याचा खर्च मिळून ७०० रुपये धरला तर टळलेल्या प्रत्येक दाखल्यामागे साडेतीन लाख. महाग वाटते. आता बाळ धरा: हजार बाळांमागे ६ दाखले, संरक्षण ३५ टक्के, म्हणजे आणखी २.१ टळले. एकूण ४.१. डोस लागले सुमारे २४४, खर्च १ लाख ७१ हजार. बाळ हिशेबात घेतले आणि खर्च निम्मा झाला. खर्चाच्या तक्त्यात बाळाचा रकाना नसेल तर गरोदर मातांचा गट विनाकारण मागे पडतो.

हाच हिशेब तीन वेळा करा: लस मेळ खाणारी, मध्यम, आणि मेळ न खाणारी. वाईट वर्षातही जो गट वर राहतो तो पहिला.

स्थानिक जोखीम इथे येते. शहराच्या पूर्व भागात आणि कुंभारीकडच्या विडी घरकुलात हजारो बायका वर्षानुवर्षे तंबाखूच्या धुळीत बसून विड्या वळतात. यंत्रमागावर कापसाची बारीक धूळ असते. जुनाट श्वसनविकाराची नोंद ‘मधुमेह-रक्तदाब’ मोहिमेच्या यादीत होत नाही, त्यामुळे हे लोक यादीबाहेर राहतात. जोखमीच्या यादीत ‘दमा व दीर्घकालीन श्वसनविकार’ हा रकाना मुद्दाम घाला. विड्या जमा करायच्या दिवशी कारखान्याशेजारीच नळीत फुंकून फुप्फुसांची ताकद मोजण्याची तपासणी आणि लसीकरण एकत्र ठेवता येते.

पायरी ६: आषाढीपासून उलटे मोजा

लस घेतल्यानंतर संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. आषाढी एकादशी कधी जूनअखेर तर कधी जुलैत येते. २०२३ मध्ये २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जुलैला. पंढरपुरात लाखो वारकरी एकत्र येतात आणि फ्लूचा हंगामही तेव्हाच चढू लागतो. म्हणून लसीकरण मेच्या पहिल्या आठवड्यात सुरू होऊन १५ जूनपर्यंत मुख्य भाग संपला पाहिजे.

वारीच्या मार्गावर तंबू टाकून वारकऱ्यांना लस द्यावी, अशी सूचना दरवर्षी कोणीतरी कळकळीने करते. हेतू चांगला, पण पंढरपूर दोन दिवसांवर असताना टोचलेली लस वारी संपल्यावर काम करू लागेल. तो साठा पंढरपूर, माळशिरस, सांगोला येथील आरोग्य कर्मचारी, आशा, स्वच्छता कर्मचारी आणि स्थानिक गरोदर मातांना मेमध्येच द्या. वारीत तापाचे कक्ष, ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचे औषध आणि नमुने घेण्याची सोय ठेवा. वयस्कर वारकऱ्यांना लस घ्यायचीच असेल तर ती त्यांच्या गावी, दिंडी निघण्याच्या दोन आठवडे आधी.

सूत्र कोणते? जागतिक आरोग्य संघटना उत्तर गोलार्धाच्या लशीची घटकरचना फेब्रुवारीत आणि दक्षिण गोलार्धाची सप्टेंबरमध्ये जाहीर करते. आपल्या मे-जूनच्या लसीकरणाला दक्षिण गोलार्धाचे सूत्र हवे. मागणीपत्रात वर्षासह ‘दक्षिण गोलार्ध सूत्र’ असे शब्द नसतील तर मागच्या थंडीतल्या उत्तर गोलार्धाच्या लशीचा उरलेला, मुदत संपत आलेला साठा गळ्यात पडू शकतो. बी-यामागाटा हा उपप्रकार मार्च २०२० नंतर खात्रीने सापडलेला नाही आणि सप्टेंबर २०२३ पासून तो लशीतून वगळावा असा सल्ला आहे. त्यामुळे चौघटक (चार विषाणूंवरच्या) लशीसाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण उरलेले नाही.

वेळापत्रक असे बसते: ऑक्टोबरमध्ये जाहीर घटकरचना पाहून तांत्रिक टिपण, डिसेंबरमध्ये मागणीपत्र, जानेवारी-फेब्रुवारीत निविदा किंवा दरकरार, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पुरवठा. मार्चअखेरच्या धांदलीत फाइल अडकली की सगळे दीड महिना पुढे सरकते. निविदेत ‘३० एप्रिलनंतरचा पुरवठा नाकारण्याचा अधिकार’ ही अट घाला.

डोस किती? ३ लाख लोकसंख्या, जन्मदर हजारी १६ असे धरले तर वर्षाला ४,८०० जन्म, गर्भपात वगैरेंसाठी १० टक्के वाढवून ५,२८० गरोदरपणे. एका वेळी दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत असणाऱ्या निम्म्या, २,६४०. स्वीकार ६० टक्के, वाया जाणारे ५ टक्के धरून सुमारे १,६६०. जुलै ते सप्टेंबर दरमहा ४४० नव्या माता पात्र होतात, त्यांच्यासाठी आणखी सुमारे ८३०. एकूण २,५०० च्या आसपास, दोन हप्त्यांत. एकाच मोहिमेत सगळे उरकले तर जुलैत चौथ्या महिन्यात पोचलेली बाई कोरडी राहते. शिवाय पहिलटकरणी माहेरी जातात. नोंद सासरच्या उपकेंद्रात आणि बाई अक्कलकोटला, असे होते. लस माता-बाल संरक्षण कार्डावर लिहा, म्हणजे कुठेही देता येईल.

पायरी ७: मे महिन्यातली शीतसाखळी

लसीकरणाचा उत्तम महिना हाच सोलापुरात शीतसाखळीचा सर्वात वाईट महिना आहे. पारा ४२ च्या पुढे, त्यात भारनियमन. लस २ ते ८ अंशांतच राहिली पाहिजे. आयएलआरचे (लस ठेवण्याच्या खास फ्रिजचे) तापमान सकाळ-संध्याकाळ नोंदवा, आणि वीज गेल्यावर तो किती तास टिकतो हे एप्रिलमध्येच प्रत्यक्ष तपासा.

उष्णतेइतकेच गोठण्याचेही भय असते. उन्हाच्या धास्तीने डीप फ्रीझरमधून काढलेले कडक आइसपॅक थेट कॅरियरमध्ये घातले जातात आणि त्यांना टेकलेल्या सिरिंज गोठतात. आइसपॅक बाहेर ठेवा, हलवल्यावर आत पाणी खळखळले की मगच भरा. आणखी एक गोष्ट अनुभवी परिचारिकांकडूनही निसटते. पेंटाव्हॅलंट (बाळांची पाच रोगांवरची लस) गोठली का हे पाहायची हलवून बघण्याची चाचणी फ्लूच्या नेहमीच्या लशीला लागू पडत नाही, कारण तिच्यात तळाशी बसणारे ॲल्युमिनियम नसते. गोठलेली सिरिंज वितळल्यावर अगदी चांगली दिसते. शंका आली की टाकून द्या. एकमात्रा सिरिंजवर व्हीव्हीएमचा (उष्णता लागली की रंग बदलणारा) चौकोन असेलच असे नाही, म्हणून तापमान नोंदवही हाच एकमेव साक्षीदार.

मोठ्यांना ०.५ मिली, दंडाच्या स्नायूत. ६ महिने ते ८ वर्षांच्या मुलाला पहिल्याच वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. जूनमध्ये सुरू केले तर दुसरा डोस जुलैत जातो, हे पालकांना आधीच सांगा. टोचल्यावर अर्धा तास बसवा, तीव्र ॲलर्जीसाठी ॲड्रेनॅलिन हाताशी ठेवा. गिया-बारे विकाराचा (मज्जातंतू दुखावून हातपाय लुळे पडण्याचा) धोका दहा लाख डोसमागे एक-दोन अतिरिक्त रुग्ण इतका आहे. विचारले तर लपवू नका, आकड्यासह सांगा. माहितीपत्रक मराठीसोबत पूर्व भागासाठी तेलुगू, अक्कलकोट-दक्षिण सोलापूरसाठी कन्नड आणि उर्दूतही हवे. ते मराठीवरून शब्दशः उतरवण्यापेक्षा त्या भाषेच्या आशाताईंकडून बोलून घ्या आणि मग छापा.

पायरी ८: लाटेनंतर स्वतःचा पुरावा तयार करा

पायरी २ मध्ये घेतलेले नमुने इथे दुसऱ्यांदा कामाला येतात. ज्यांच्यात फ्लू सापडला ते रुग्ण, ज्यांच्यात सापडला नाही ते तुलना-गट. दोन्हींमध्ये लस घेतलेले किती, एवढेच पाहायचे. मानलेले उदाहरण: फ्लू असलेल्या ९० जणांत लस घेतलेले १८, न घेतलेले ७२. फ्लू नसलेल्या २१० जणांत घेतलेले ८४, न घेतलेले १२६. १८ गुणिले १२६ भागिले (७२ गुणिले ८४) म्हणजे ०.३७५. एकातून वजा केले की ०.६२५. परिणामकारकता ६२.५ टक्के, विश्वासांतर ३३ ते ७९. ३०० नमुन्यांतूनही एवढे रुंद अंतर येते, तेव्हा ४० नमुन्यांवर वर्तमानपत्राला आकडा देऊ नका.

चार चुका नेहमी होतात. लसीची नोंद कार्डावरून न घेता आठवणीवरून घेतली जाते. लस घेऊन १४ दिवस न झालेल्यांना ‘लस घेतलेले’ धरले जाते. झटपट किटने तपासले जाते, आणि ते बरेच फ्लू सोडते, म्हणून आरटी-पीसीआरच हवे. शेवटची चूक सूक्ष्म आहे: कोविड निघालेले रुग्ण तुलना-गटात ठेवले जातात. फ्लूची लस घेणारे बहुधा कोविडचीही घेतात, त्यामुळे हिशेब तिरका होतो. त्यांना वगळा. आणि हा सगळा हिशेब वय व आठवडा यांनुसार समायोजित करून घ्या. वैद्यकीय महाविद्यालयाच्या जनऔषधवैद्यकशास्त्र (कम्युनिटी मेडिसिन) विभागाला हे काम एक दिवसाचे आहे.

धोरणाच्या शेवटच्या पानावर बदलाच्या अटी आधीच लिहून ठेवा. उदाहरणार्थ: सलग तीन वर्षे जानेवारी-मार्चची लाट पावसाळ्यापेक्षा मोठी दिसली तर ऑक्टोबरमध्ये दुसरी फेरी, विशेषतः जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेआधी. एखाद्या गटात स्वीकार ३० टक्क्यांखाली राहिला तर डोस वाढवण्याआधी कारण शोधायचे. हे कोणी पाहायचे तेही नावाने नको, पदाने लिहा: शहरात महापालिकेचे आरोग्य अधिकारी, ग्रामीण भागात जिल्हा आरोग्य अधिकारी, रुग्णालयांत जिल्हा शल्यचिकित्सक. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिघांची एकत्र बैठक लावा. टेबलावर तीन कागद पुरेत: आठवडावार आलेख, गटनिहाय लसीकरणाची टक्केवारी, आणि मुदतीसह शिल्लक डोसांची यादी.